येऊरचं नारिंगी फुलपाखरू अमेरिकेहून येत नाही

'वसंतात ठाण्यात दिसणारी नारिंगी-काळी फुलपाखरं म्हणजे अमेरिकेहून आलेली मोनार्क' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. रंग इतका जुळतो की असं वाटणं साहजिक आहे.

पण मोनार्क भारतात आढळत नाही. मेक्सिकोत हिवाळा काढून मार्चच्या सुमारास ते उत्तरेला, अमेरिकेकडे निघतं. वाटेत मिल्कवीडवर (रुईच्या कुळातली तिकडची वनस्पती) अंडी घालून मरतं. पुढचा प्रवास पुढच्या पिढ्या करतात.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दिसतात ते त्याचे इथलेच भाऊबंद, प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर. पंख नीट पाहा: शिरांवर जाड काळ्या रेघा असतील तर स्ट्राइप्ड, रेघा नसून मागच्या पंखावर मोजके काळे ठिपके असतील तर प्लेन. प्लेन टायगरची मादी रुईवर अंडी घालते. रस्त्याकडेच्या रुईची पानं उलटून पाहा, काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी सापडू शकेल. ती रुई मात्र तोडू नका.