‘हौशी’ कोण, ‘धंदेवाईक’ कोण

नागपुरात ‘मी नाटक करतो’ म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘आणि नोकरी?’ या प्रश्नाचं मूळ ‘हौशी’ या एका शब्दात आहे.

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि स्पर्धेचं वारं इथेही आलं. स्पर्धा ‘हौशी’ मंडळींची. हेतू चांगलाच होता, पण नाटकातून पैसे न मिळवणारा तो हौशी म्हटलं, की ज्याचं पोट दुसरीकडे भरतं तोच आत येतो. महिना-दोन महिने रोज संध्याकाळी तालमीला हजर राहणं बँकेतल्या किंवा सरकारी कचेरीतल्या माणसाला जमायचं. नागपुरात कापडगिरणी १८७७ पासून होती, तिथले कामगार बहुतांशी कोष्टी आणि महार. दुपारपाळी लागली की कामगाराची संध्याकाळ गेलीच. हौस त्यालाही होती, सवड नव्हती. त्याच्या वस्तीत आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, रंगत, पण त्यांची नोंद बरीच वर्षं ‘चळवळ’ म्हणून झाली, ‘रंगभूमी’ म्हणून नाही. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं ‘लोककले’च्या खात्यात गेली.

खरा गुंता झाडीपट्टीने, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या रंगभूमीने केला. दिवाळी ते होळी हंगाम, तिकीट लावून रात्रभर चालणारं नाटक, प्रत्येक प्रयोगाचे कलावंताला पैसे. याहून व्यावसायिक काय असतं? तरीही नागपूरच्या बोलण्यात ‘व्यावसायिक नाटक’ म्हणजे पुण्या-मुंबईहून येणारं. झाडीतलं ते ‘झाडीतलं’. नागपूरच्या कितीतरी अभिनेत्री हंगामात वडशाकडे, झाडीपट्टी नाटकांच्या केंद्राकडे, जातात, त्या कमाईवर घर चालवतात. शहरातल्या तालमीत मात्र ‘ती झाडीत काम करते’ हे वाक्य आवाज खाली आणून बोललं जातं. बिनपैशाचं काम प्रतिष्ठेचं आणि मेहनतान्याचं काम हलकं, ही उतरंड मला कधीच पटलेली नाही.

  २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या एका ज्येष्ठ नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातही सत्कार आणि कौतुक झालं. त्याच रंगभूमीवर रोजच्या प्रयोगाच्या पैशांवर जगणाऱ्या बाईकडे पाहण्याची नजर मात्र तेवढ्याने बदललेली नाही.