चार चुडांमध्ये एक गोळी

हाताने फोकलेला युरिया कधीच सारखा पडत नाही. कुठे मूठ सैल सुटते, कुठे हात आखडतो. एकूण मात्रा बरोबर असली, तरी खाचराच्या एका कोपऱ्यात दुप्पट आणि शेजारी निम्मी पडते. युरियातले नत्र कमी पडलेल्या जागी रोप पिवळे राहते, तर जास्त पडलेल्या जागी माजते आणि लोंबी भरताना लोळते. जे त्याला घेता आले नाही ते वाया जाते. पिवळेपणा पाहून आपण पुन्हा सगळ्या खाचरावर युरिया फेकतो, म्हणजे जिथे आधीच जास्त होते तिथे आणखी भर.

हे वाया गेलेले नत्र नाहीसे होत नाही. भाताच्या पाण्यात विरघळलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराचसा हवेत उडतो. जोराची सर येऊन पाणी बांधावरून वाहिले की राहिलेले ओढ्यात जाते आणि तिथे शेवाळ फोफावते. काही नत्राचा जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करतो.

कोकणातल्या भातशेतीसाठी यावर मला फार आवडलेला उपाय म्हणजे कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतली खताची गोळी. युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे खत) दाबून केलेली, 2.7 ग्रॅमची. लावणी दोरीवर करायची. दोन चुडांमध्ये (चूड म्हणजे एका जागी एकत्र लावलेली काही रोपे) आळीपाळीने 15 आणि 25 सेंटिमीटर अंतर, दोन्ही दिशांनी. त्यामुळे चार-चार चुडांचे, 15 सेंटिमीटर बाजूचे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. गुंठ्याला साधारण 625 गोळ्या, म्हणजे सुमारे 1 किलो 700 ग्रॅम खत. चारही चुडांना अंतर सारखे, वाटाही सारखा. मूठ सैल सुटायचा प्रश्नच उरत नाही.

खोलीही तितकीच महत्त्वाची. त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे ते हळूहळू उचलतात. वरच्या पाण्यात फारसे येत नाही, म्हणून उडतही नाही आणि वाहतही नाही.

अडचण मजुरीची आहे. वाकून एकेक गोळी खोचायला माणसे लागतात, आणि लावणीच्या दिवसांत तीच मिळत नाहीत. चिखल मऊ असतो तोवर, शक्यतो लावणीच्याच दिवशी, हे काम उरकले तर बरेच सोपे जाते. पुढे वरून युरियाचा हप्ता द्यायची गरज सहसा पडत नाही, तेव्हा ती मजुरी तरी वाचते.