प्रत्येक जुना क्रूस खुनाचाच का?

जर्मनीतलं सॅक्सनी, चेक प्रजासत्ताकाचा उत्तर भाग आणि पोलंडमधलं सायलेशिया. या पट्ट्यातल्या खेड्यांत शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला बसके दगडी क्रूस दिसतात. अनेक जेमतेम कमरेएवढे, अखंड दगडातून काढलेले, कडा ओबडधोबड. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. काहींवर मात्र तलवार, कुऱ्हाड किंवा खंजीर कोरलेला असतो. गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं: इथे कुणाचा तरी खून झाला होता.

या उत्तरामागे खरा इतिहास आहे. मध्ययुगात खून हा बऱ्याचदा दोन घराण्यांमधला मामला मानला जाई. सुडाची मालिका थांबवण्यासाठी मध्यस्थ बसत आणि करार होई. मारेकऱ्याने मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायची, चर्चला मेण द्यायचं, मृतासाठी मिस्सा (चर्चमधल्या सामूहिक उपासना) करवून घ्यायच्या, कधी आखेनची किंवा रोमची यात्रा करायची आणि दगडी क्रूस उभारायचा. अचानक मेलेल्या माणसाला पापनिवेदन करायला वेळच मिळालेला नसे. त्याच्या आत्म्याचं काय होणार, ही तेव्हाच्या श्रद्धाळूंना छळणारी चिंता होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने क्षणभर थांबून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, म्हणून क्रूस वाटेवर. मारणाऱ्याच्या शिक्षेइतकीच मेलेल्याची काळजी घेणारी ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते.

1532 साली सम्राट पाचव्या चार्ल्सची फौजदारी संहिता आली. खुनाचा निवाडा कोर्टाकडे गेला आणि आपसातले असे करार मागे पडले. पण एका रात्रीत नाही. आजच्या पोलंडमधल्या स्टारगार्ड गावाजवळचा साडेतीन मीटरहून उंच क्रूस 1542 सालचा आहे. हान्स बिलेकेवर देवाने दया करावी, अशी विनवणी त्यावर कोरली आहे आणि त्याला मारणाऱ्या लोरेन्झ माडरचंही नाव आहे.

स्टारगार्डचा दगड स्वतः बोलतो. अडचण न बोलणाऱ्यांची आहे, आणि तेच संख्येने जास्त. जुने करार दप्तरात सापडतात, क्रूस शेतात सापडतात, पण अमुक करारातला क्रूस हाच, असं ठामपणे सांगता येणारी उदाहरणं थोडी. काही क्रूस हद्दीच्या खुणा असतील, काही नुसत्या श्रद्धेपोटी उभे केलेले, काही अपघाताच्या आठवणीचे. कोरलेली कुऱ्हाड खुनाचं हत्यार असेल, तशीच ती मेलेल्या सुताराच्या धंद्याची खूणही असू शकते. म्हणून सरसकट सगळ्यांना ‘प्रायश्चित्ताचे क्रूस’ म्हणण्यावर पोलंडमधल्या काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे, आणि तो मला पटतो.

मग निदान वय तरी काढता येईल का? तेही सोपं नाही. कार्बन पद्धत लागू पडते ती एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थाला, दगडाला नाही. सॅक्सनीतल्या एल्बे नदीकाठचा वालुकाश्म डायनोसॉरच्या काळातला, पण त्यावर छिन्नी कधी चालली हे त्यावरून कळत नाही. दगडफुलाचा थोडा आधार मिळतो. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच कुळीचे, पण दगडाला पापुद्र्यासारखे घट्ट चिकटलेले काही प्रकार वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. त्यांचा व्यास मोजून दगडाचा तो पृष्ठभाग किमान किती वर्षं उघडा आहे, याचा अंदाज येतो. मात्र कुणी एकदा घासून साफ केला, की हिशेब पुन्हा शून्यापासून.

त्यात वालुकाश्म पाणी पितो. जमिनीतला ओलावा वर चढतो, सुकताना क्षार मागे ठेवतो, त्यांचे स्फटिक वाळूचे कण सुटे करतात. थंडीत छिद्रांतल्या पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं आणि पापुद्रे निघतात. उथळ कोरीवकाम असंच झिजून जातं, त्यामुळे आज कोऱ्या दिसणाऱ्या क्रूसावर पूर्वी काहीच नव्हतं असंही म्हणता येत नाही.

काही दगडांवर बोटभर लांबीच्या खाचा आणि वाटीसारखे खळगे दिसतात. पाती घासल्याने झाले, की औषध म्हणून दगडाची भुकटी खरवडल्याने, यावर अजून वाद आहे.

उरतो तो जागेचा पुरावा. जुनी वाट, हद्द, पूल यांच्याशी क्रूसाचं नातं तपासता येतं, पण तो मूळ जागी असेल तरच. रस्ता रुंद करताना कित्येक क्रूस उचलून चर्चच्या भिंतीशी नेऊन लावले गेले, काही भिंतींतच चिणले गेले. अशा वेळी अभ्यासक आधी दगडाकडे नाही, जुन्या नकाशांकडे वळतात: क्रूसाची खूण तिथे कुठल्या वाटेवर दाखवली आहे, हे शोधायला.