मोठं मूल दत्तक घेताना: नागपूरच्या भोसल्यांपासून बुखारेस्टच्या अनाथालयांपर्यंत

वऱ्हाडातल्या खेड्यांतून शिकून परदेशी गेलेली एक पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. त्यांतलं एखादं जोडपं तिकडच्या एखाद्या देशातल्या अनाथालयात जाऊन आठ-दहा वर्षांचं मूल दत्तक घ्यायचं ठरवतं, तेव्हा गावाकडून हमखास विचारलं जातं, "एवढं मोठं कायले? लहान नाही भेटत का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण आपल्याच भागाचा इतिहास पाहिला तर मोठ्या वयाचं दत्तक इथे कधीच नवलाचं नव्हतं.

देशमुख, पाटील, मालगुजार घराण्यांत दत्तक व्हायचं ते बहुधा जाणत्या मुलाचं. वऱ्हाडात हिंदू कायद्याची मुंबई परंपरा चालत आली आणि त्या परंपरेत लग्न झालेला, मुलंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. विधवेला नवऱ्याने आधी परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येई. दत्तकावर किती काय अवलंबून असायचं, हे नागपूरने सोसलं आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्यातल्या स्त्रियांनी घेतलेलं दत्तक इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं.

या सगळ्यात मूल यायचं ते वंशासाठी, जमिनीसाठी, श्राद्धाच्या पिंडासाठी. त्याचं कूळ माहीत असायचं, आणि बहुतेकदा ते भावकीतलंच असायचं. अनाथाला मात्र दारच बंद होतं. दत्तविधानात मूल देणारा आणि घेणारा असे दोघं लागतात आणि देण्याचा हक्क फक्त आईबापाला. ज्याला आईबापच नाहीत त्याला देणार कोण? ज्याला घराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ही रीत बाहेर ठेवत होती. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि पालकत्व असलेल्याला न्यायालयाच्या परवानगीने मूल देता येऊ लागलं. टाकून दिलेल्या आणि आईबाप अज्ञात असलेल्या मुलांचा त्यात समावेश झाला तो १९६२ च्या दुरुस्तीने. १९५६ च्या मूळ कायद्याने वयाची मर्यादा पंधरा वर्षांची घातली, पण रूढी असेल तर सूट ठेवली.

परदेशातल्या अनाथालयांकडे जाणारी वाट वेगळ्या कारणांनी पडली. १९५३ नंतर युद्धातून बाहेर पडलेल्या दक्षिण कोरियातली मुलं अमेरिकेत जाऊ लागली. सगळ्यात हादरवणारी गोष्ट रुमानियाची. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. पोसता न येणारी मुलं लोक सरकारी संस्थांत सोडू लागले. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून जास्त मुलं होती. दूरदर्शन संचांवर ती दृश्यं पाहून युरोप-अमेरिकेतली कुटुंबं थेट तिथे पोचली. खाटांच्या रांगांमधून फिरून मूल निवडायचं, असा तो काळ. मध्यस्थ आले, पैसा आला, गरीब घरांतून मुलं विकत घेण्यापर्यंत मजल गेली. शेवटी २००१ मध्ये रुमानियाने परदेशी दत्तक थांबवलं.

त्या मुलांचं पुढे काय झालं, हे शास्त्रज्ञांनी नीट पाहिलं. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेतली १३६ मुलं होती. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून कुटुंबांत ठेवली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं माणसांशी जास्त चांगली जोडली गेली. याचा अर्थ मोठ्या मुलाचं काही होत नाही असा काढणं अन्यायाचं आहे. त्याला वेळ जास्त लागतो, आणि घरच्यांना आधीपासून तयारी करावी लागते.

रुमानियासारख्या अनुभवांतून परदेशी दत्तकाचे नियम ठरवणारा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार झाला. भारताने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली. कराराने भेटीचा क्रमच उलटा केला. आधी कुटुंबाची पात्रता तपासायची, मूल खरोखर दत्तक देता येण्याजोगं आहे का ते पाहायचं, आणि मगच भेट. त्याआधी मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क करायला मनाई. करार न स्वीकारलेल्या देशांत जुनी पद्धत बरीच चालू राहिली. युक्रेनमध्ये कुटुंबं आधी कीवला जाऊन मुलांच्या फायली पाहत, मग अनाथालयात जात. रशियात दोन-तीन फेऱ्या कराव्या लागत, एक ओळखीसाठी, नंतरची न्यायालयासाठी. अमेरिकी कुटुंबांना रशियाने २०१३ पासून बंदी घातली, आणि २०२४ मध्ये चीननेही आपलं दार जवळजवळ बंद केलं.

भारतातल्या मुलांसाठीचा निर्णायक टप्पा म्हणजे लक्ष्मीकांत पांडे प्रकरण. या वकिलांच्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला: आधी देशातलं घर शोधा, ते नाही मिळालं तर परदेश. सात वर्षांवरच्या मुलाची इच्छा विचारावी, असंही त्यात आलं. त्यातून १९९० मध्ये 'कारा' ही दत्तकाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. आज परदेशी जाणाऱ्या भारतीय मुलांत मोठी, भावंडं असलेली आणि विशेष गरजा असलेली मुलंच जास्त दिसतात, कारण देशातल्या बहुतेकांना तान्हंच बाळ हवं असतं.

ज्यांना कोणीच नेत नाही त्यांचं काय, याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला आहे. शंकरबाबा पापळकरांनी तिथे अनाथ, अपंग, मूकबधिर, अंध मुलांना वाढवलं आणि वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा पूर्ण झाल्यावर अशा मुलांना संस्थेबाहेर काढणारा नियम बदलावा, म्हणून ते वर्षानुवर्षं झगडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

'कारा'चे आजचे नियम मोठ्या मुलासाठी बरेच अनुकूल आहेत. आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते, एकट्या पालकाला ५५ पर्यंत मुभा आहे. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. घरी आणल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी चौकशी होते. आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे गडचिरोली किंवा बुलढाण्याच्या खेड्यातल्या जोडप्याचं शेवटचं काम आता मूल ज्या संस्थेत आहे त्या जिल्ह्याच्या कचेरीत होतं.