फ्लूच्या रिपोर्टवरचा 'ए' आणि 'बी': आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी

रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर हमखास एक प्रश्न येतो: "इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे पहिल्या पायरीचाच आहे ना?" दुसरा कुणी नेमकं उलट धरून बसतो, की ए म्हणजे जहाल आणि बी म्हणजे किरकोळ. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांच्यापायी धडधाकट माणूस रात्रभर घाबरतो आणि दम लागलेल्या आजोबांना मात्र "बीच तर आहे" म्हणून घरी ठेवलं जातं. हे दुसरं आम्हाला फार काळजीचं वाटतं, म्हणून हे पत्रक.

रिपोर्टवरचं अक्षर विषाणूचं घराणं सांगतं. आजार किती वाढला, हे त्यावरून कळत नाही.

गोंधळाला कारणही आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची वर्गवारी केली, तीही ए, बी, सी अशीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची 'कॅटेगरी' ती हीच. कॅटेगरी ए म्हणजे साधा ताप, खोकला, घसादुखी: घरी आराम करायचा आणि एक-दोन दिवसांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं. बी मध्ये जोराचा ताप आणि घसा फार दुखणं येतं. लहान मुलं, गरोदर बायका, ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांचा ताप साधा असला तरी ते बी मध्येच धरले जातात. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, गुंगी, नखं निळसर पडणं, यांतलं काही दिसलं की कॅटेगरी सी, म्हणजे दवाखान्यात भरती. तेव्हा एकाच माणसाच्या कागदांवर 'इन्फ्लुएंझा बी' आणि 'कॅटेगरी सी' असं दोन्ही असू शकतं. धावपळ करायची ती दुसऱ्या अक्षरावरून.

टाइप ए सगळ्यात चंचल. त्याच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. 'एच' आपल्या पेशीला चिकटतं. 'एन' नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून सुटं करतं. ओसेल्टामिविर हे औषध या 'एन'लाच अडवतं. एच चे १८ आणि एन चे ११ प्रकार माहीत आहेत. एच१एन१, एच३एन२ ही नावं त्यातूनच येतात. माणसांत सध्या फिरतात ते हे दोनच. आजचा एच१एन१ हा २००९ च्या साथीचा वंशज, म्हणून कधी कधी त्यापुढे 'पीडीएम०९' लिहिलेलं असतं. लोक त्याला अजून स्वाइन फ्लू म्हणतात, पण तो आता दरवर्षीचा हंगामी फ्लू आहे, माणसाकडून माणसाला होतो, डुकरांशी संबंध यावा लागत नाही. एच३एन२ हा १९६८ च्या साथीपासून आपल्यात आहे आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त छळतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभर जो खोकला आठवडे आठवडे हटत नव्हता, त्यामागे बराचसा हाच होता.

ए च्या जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात. दोन वेगळे ए विषाणू एकाच प्राण्याच्या पेशीत शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होते आणि कुणाच्याच शरीराला ओळखीचा नसलेला विषाणू जन्मतो. २००९ मध्ये तेच घडलं. त्यात डुक्कर, पक्षी आणि माणूस, तिघांकडच्या विषाणूंचे तुकडे होते. किरकोळ बदल तर सतत चालूच असतात, म्हणून लसही दरवर्षी नवी घ्यावी लागते.

नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाबद्दल अजून विचारणा होते, म्हणून लिहितो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तो एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. तोही टाइप ए च आहे, पण मुळात पक्ष्यांचा. माणसाला क्वचित होतो, आणि झाला तर गंभीर असतो. सावजी रस्सा खायला हरकत नाही, नीट शिजलेल्या कोंबडीत हा विषाणू टिकत नाही. कच्चं मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवा, अर्धकच्ची अंडी टाळा. मेलेल्या पक्ष्यांना हात लागला आणि नंतर ताप आला, तर आमच्याकडे न येता मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा आणि पक्ष्यांचं आधी सांगा. एच५एन१ ची तपासणी आम्ही करत नाही.

टाइप बी जवळपास फक्त माणसांतच राहतो. त्याने जगभराची साथ कधी आणली नाही, पण शाळकरी मुलांना तो चांगलाच आडवा करतो. त्याच्या दोन शाखा होत्या, व्हिक्टोरिया आणि यामागाता. मार्च २०२० नंतर यामागाता खात्रीने कुठेच सापडलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता चारऐवजी तीन विषाणूंची लस सुचवते. केमिस्टने तीनची लस दिली तर ती जुनी किंवा हलकी समजू नका.

टाइप सी ने बहुधा साधी सर्दी होते. टाइप डी मुख्यतः गुरांचा. आमच्या रिपोर्टवर हे दोन्ही नसतात. आणि बाळाच्या लसीकरण कार्डावरचं 'हिब' ही फ्लूची लस नव्हे. हिब म्हणजे 'हिमोफिलस इन्फ्लुएंझी टाइप बी', तो एक जीवाणू आहे, नाव तेवढं सारखं.

नागपुरात ही तपासणी पावसाळ्यात आणि पुन्हा थंडी सरताना वाढते. स्वॅब ताप आल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत द्या, नंतर विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते. झटपट किट निगेटिव्ह आली तरी फ्लू नाहीच असं होत नाही. डॉक्टरांना शंका असेल तर आरटी-पीसीआर करावी. ओसेल्टामिविरचा गुण पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक येतो. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर आमच्या रिपोर्टसाठी थांबू नका. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या फ्लूवर काही करत नाहीत. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका.

चालता न येणाऱ्या रुग्णाला लॅबपर्यंत आणू नका. फोन करा, स्वॅब घ्यायला आमचा माणूस घरी येईल. पण धाप लागली असेल तर आमची वाट न पाहता दवाखाना गाठा.