मूळ पट्टीचा हट्ट

पट्टी उतरवली की गायक संपला, ही समजूत कोल्हापुरात फार जुनी आहे आणि फार निष्ठुरही. ऑर्केस्ट्रातल्या पन्नाशीच्या गायकाने ऐंशीच्या दशकातलं गाणं जरा खालून घेतलं की मागच्या रांगेतून लगेच येतं, "आवाज बसला की ओ ह्यांचा!" इंग्रजी पॉपचे इथले जुने शौकीन ब्रिटिश गायक एल्टन जॉनबद्दल हेच म्हणतात. मला हा न्याय मान्य नाही. आजच्या गळ्यासमोर आपण जे ठेवतो त्यात गळा किती आणि स्टुडिओ किती, हे कुणी तपासतच नाही.

आधी गळा. हार्मोनियमच्या पांढरी सहाचा, म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर लावला की स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. आत स्नायू असतो, त्यावर मऊ, ओलसर थर आणि सगळ्यात वर पातळ त्वचा. लाट उठते ती या मऊ थरामुळे. वर्षानुवर्षं ताण पडला की जिथे आपटणं सर्वांत जोराचं, तिथे, साधारण मध्यावर, गाठी येतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा होतो. सगळ्यात आधी जातात ते वरचे हळुवार सूर, कारण फॉल्सेटोमध्ये, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरच्या त्या पातळ, उंच आवाजात, तंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि त्यांच्या फक्त कडा हलतात. तिथे एवढासा जाडपणाही चालत नाही.

एल्टन जॉनचं नेमकं हेच झालं. १९८६च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर गात होता. १४ डिसेंबरला सिडनीत झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी बाजारात आलं. आवाज खरखरतो, मध्येच चिरतो, आणि तरीही तो माणूस मागे हटत नाही. मला ते त्याच्या कितीतरी गुळगुळीत रेकॉर्डांपेक्षा मोलाचं वाटतं. जानेवारी १९८७मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठी कर्करोगाच्या नव्हत्या. त्यानंतर आवाज खाली भरदार झाला आणि जुना फॉल्सेटो जवळपास गेलाच. तेव्हा त्याला चाळीसही पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे हा दोष वयावर टाकता येत नाही. वय आपलं काम नंतर करतं: स्वरयंत्रातली कूर्चा हाडासारखी कडक होते, स्नायू बारीक होतो, बरगड्यांची लवचिकता कमी होऊन दम अपुरा पडतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज खाली उतरतो, म्हातारपणी पुरुषांचा मात्र थोडा वर चढतो.

आता स्टुडिओ. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात एक टाळी वाजवून बघा. दगडी भिंतींवरून आवाज परततो, रेंगाळतो, मग सावकाश विरतो. १९८०मध्ये आलेल्या, ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या रेकॉर्डसाठी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी लावलेल्या मायक्रोफोनवर जबरदस्त कॉम्प्रेसर होता, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र. त्यातून ड्रम अवाढव्य ऐकू येताहेत हे ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र, जोडला. अंबरखान्यातला घुमारा सुरू व्हावा आणि विरण्याआधीच कापला जावा, तसा तो ठोका. निसर्गात असा आवाज कुठेच नाही, पण त्या दशकाची ओळखच ती झाली. १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर तयार करणारं कीबोर्ड वाद्य, आला. त्यामागचं तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांचं. त्याच्या काचेसारख्या लखलखीत सुरांनी उरलेली पोकळीही भरून टाकली.

या गजबजाटात गळ्याचं बरंच काही लपतं. मोठा आवाज आपल्या आसपासच्या कंपनसंख्येचा बारीक आवाज झाकतो, हा कानाचाच धर्म. श्वासाची फसफस, सुराच्या टोकाची खरखर सिंथच्या चादरीखाली जाते. त्यातून गाणं एकेका ओळीने मुद्रित करता येई, उत्तम तुकडे जोडता येत, तोच आवाज दोनदा गाऊन एकावर एक चढवता येई. टेप मुद्रणाच्या वेळी सुमारे सहा टक्के हळू फिरवून नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली, तर आवाज अर्ध्या सुराने वर जातो आणि कोवळाही वाटतो. यात फसवणूक नाही, ती त्या काळाची कलाच होती. पण मंचावर उभ्या राहिलेल्या साठीच्या माणसाकडे तिचा हिशोब मागणं अन्यायाचं आहे.

आणि हा न्याय कोल्हापूरने तरी करू नये. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगाण्याने गेला होता. परतला तो पूर्वीचा नव्हता, तेव्हा त्या बदललेल्या गळ्याला झेपेल, शोभेल अशी लयदार, पेचदार गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आणलं, आणि त्याच गायकीच्या जयपूर घराण्याचा अभिमान आपण आजही मिरवतो.

ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलण्याचं, बटण असतं. पांढरी सहाचं गाणं पांढरी पाचवर घेतलं की ४४०च्या जागी ३९२ हर्ट्झ होतात, म्हणजे प्रत्येक सेकंदाला ४८ आघात कमी. चाल तीच, सुरांमधली अंतरंही तीच. पुढच्या गणेशोत्सवात गायकाने हे बटण दाबलं, तर मंडळाच्या पोरांनी मूळ पट्टीसाठी ओरडू नये, एवढंच माझं मागणं.