स्टेट पार्कची पितळी ऑर्नमेंट्स: जोडणी आणि निगा

ही ऑर्नमेंट्स म्हणजे नाताळच्या झाडावर टांगायच्या, अमेरिकेतल्या स्टेट पार्कांची (राज्य सरकारी उद्यानांची) नक्षी असलेल्या शोभेच्या वस्तू. आधी सर्वांत महत्त्वाचे: या ऑर्नमेंटला पितांबरी, चिंच किंवा लिंबू लावू नका. देवघरातली समई भरीव पितळेची असते, घासली की उजळते. इथे पितळेवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा आणि त्यावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) आहे. एकदा घासले की दोन्ही जातात, मग खालचे पितळ डाग धरते. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रेही नकोत. कोरडे मऊ कापड पुरते.

पत्रा ०.४ मिमी जाडीचा आहे. नक्षी ठशाने दाबलेली नसून फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनाने खोदलेली आहे. म्हणूनच मिनेसोटातल्या इटास्का पार्कच्या ऑर्नमेंटवर मिसिसिपीच्या उगमाजवळची दगडांची रांग सुटी सुटी दिसते.

जोडताना सुती हातमोजे घाला. घामातल्या क्षाराने बोटांचे ठसे उमटतात. मागच्या थराच्या चार जिभल्या पुढच्या थराच्या खाचांतून ओवा. जिभलीवरची अर्ध्या जाडीपर्यंत खोदलेली रेघ घडीच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. बाहेर आली तर पत्रा तिथेच चिरतो. लाकडी आइस्क्रीमच्या काडीने एकाच दमात वाकवा. पुढेमागे करत बसलात तर पितळ कडक होऊन दुसऱ्या-तिसऱ्या वाकाला जिभली तुटते. तुटलीच, तर दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लावा. सुपरग्लू किंवा सोल्डरिंग नको: सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूला पांढरट साय धरते आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने मुलामा काळवंडतो.

नाताळचे झाड खरे असेल तर चीक गळणाऱ्या फांदीखाली टांगू नका. दिवाळीत आकाशकंदिलाशेजारी लावायलाही हरकत नाही, पणतीच्या काजळीपासून मात्र दूर ठेवा.

नाताळ संपल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आम्लविरहित टिश्यू वापरा. रबरबँड तर नकोच: रबरातल्या गंधकाने पितळ काळे पडते. दमट बेसमेंटपेक्षा कपाटाचा वरचा कप्पा बरा. सोबतची सिलिका जेलची पुडी डब्यातच राहू द्या.

मागे कोरलेले साल पार्कच्या स्थापनेचे आहे: नायगारा १८८५, इटास्का १८९१, बिग बेसिन १९०२. आमच्या निर्मितीचे साल फक्त खोक्यावर छापतो, त्यामुळे खोके टाकू नका. संग्राहक आधी तेच विचारतात. (१८८५ वाचून ‘अँटिक’ म्हणून विकायलाही काढू नका.)

वाहतुकीत वाकलेले ऑर्नमेंट हाताने सरळ करू नका. तसेच परत पाठवा, बदलून देऊ.